तपासणीची दोन अक्षरे

विद्येच्या देण्याघेण्याची आमच्या मिरजेस जुनी परंपरा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी याच गावी विष्णु दिगंबर पलुसकरांस गाणे शिकविले, आणि त्या शिष्याने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ते गाणे मध्यमवर्गीय घरांच्या ओसरीपर्यंत आणले. अब्दुल करीम खाँसाहेब येथेच राहिले. १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांस विसावा मिळाला, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरसाल गायनवादन होत असते. गवई आपल्या गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीस हात लावतो. परंतु कचेरीत, कारखान्यात किंवा नकाशाच्या टेबलाशी जो गुरू भेटतो, त्याचे नाव घेण्याचा प्रघात आपल्याकडे अद्याप पडलेला नाही. तो पगारी माणूस म्हणून येतो, पगारी माणूस म्हणून निवृत्त होतो, आणि त्याने शिकविलेले काम मात्र दुसऱ्यांच्या हातांनी चालू राहते.

अशाच एका गुरूविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे. मिरजेतील वास्तुविशारदांच्या ज्या पेढीत आमची उमेदवारी झाली आणि पुढे सारे आयुष्य गेले, तेथे ते आमचे वडील सहकारी होते. कचेरीतील लहानथोर सगळे त्यांस 'काका' म्हणत. त्यांचे नाव आम्ही येथे छापीत नाही. नाव छापलेले त्यांस कधीच रुचले नाही, आणि त्यांच्या घरच्या मंडळींनीही तीच इच्छा दर्शविली आहे. वाचकांनीही त्यांस काका म्हणूनच ओळखावे.

काकांचा जन्म १९३५ सालचा, ब्राह्मणपुरीतला. घरात सोळा-सतरा माणसे आणि मिळवते एकच. १९५२ साली मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षणाची ऐपत नव्हती, म्हणून ते मुंबईस गेले आणि फोर्टातील एका पेढीत ट्रेसर म्हणून लागले. वरिष्ठांनी शिसपेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घेणे, हे ट्रेसरचे काम. ते काम हलके समजले जाई. पण ज्यास डोळे आहेत त्यास तीच शाळा होते. मुंबईच्या वास्तुकलेवर त्या काळी क्लॉड बॅटले या इंग्रज गुरूची छाया होती. बॅटले १९१३ साली हिंदुस्थानात आले. १९२३ पासून वीस वर्षे ते जे. जे. कलाशाळेत वास्तुकला शिकवीत होते आणि त्याच वेळी ग्रेगसन, बॅटले अँड किंग या पेढीचे भागीदार म्हणून प्रत्यक्ष इमारतीही बांधीत होते. १९३० साली उघडलेले मुंबई सेंट्रल स्टेशन हे त्यांचेच काम. विद्यार्थ्यांस जुन्या इमारतींपाशी नेऊन त्यांची मापे घ्यावयास लावणे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता; १९३४ साली निघालेला त्यांचा हिंदी वास्तुकलेवरील ग्रंथ अशाच मोजणीच्या नकाशांनी भरलेला आहे. कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे त्यांच्याच हाताखाली शिकले, पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांचे विद्यार्थी झाले, आणि १९५५ साली शौकत राय यांच्यासह दिल्लीत पेढी काढून त्यांनी कानपूरच्या आय. आय. टी.सारखी विद्यासंकुले उभी केली. असा तो वंश आहे.

काका त्या कलाशाळेची पायरी कधी चढले नाहीत. परंतु त्यांच्या पेढीतील मुख्य नकाशानवीस बॅटलेसाहेबांच्या वर्गात बसलेले होते, आणि वर्गात ऐकलेले ते संध्याकाळी या मिरजेच्या मुलास सांगत. अकरा वर्षे हे शिक्षण चालले. १९६३ साली वडील वारले. पाठची चार भावंडे, विधवा आत्या आणि वृद्ध आजी यांचा भार अंगावर आला. मुंबईत बढती होऊ घातली होती ती सोडून काका गावी परतले आणि येथल्या पेढीत त्याहून कमी पगारावर रुजू झाले. या निर्णयाविषयी त्यांच्या तोंडून कधी हळहळीचा शब्द निघाला नाही. विचारलेच तर म्हणत, ''अरे, घरे काढावयाची ती कोणासाठी? आपलेच घर उघडे टाकून दुसऱ्याचे काय काढणार?''

आम्ही १९७९ साली पदवी घेऊन त्या पेढीत शिरलो, तेव्हा इमारतीच्या इमारती कागदावर उभ्या करण्याची आम्हांस घाई होती. काकांनी पहिले दोन महिने आमच्या हाती केवळ मोजपट्टी दिली. किल्ल्याजवळचा एक जुना वाडा, नदीकाठचा घाट, बाजारातील दुकानांची ओळ, जे सांगतील ते मोजून आणावयाचे. वाड्याच्या ओसरीची उंची, खांबांमधील अंतर, पायरीची चढण, कोनाड्याची खोली, सर्व. मापे आणली की ते एकच प्रश्न विचारीत : ''हे एवढेच का?'' कोनाडा जमिनीपासून अमुकच उंचीवर का, याचे उत्तर शोधावयास पुन्हा वाड्यात जावे लागे; आणि तेथे जमिनीवर बसलेल्या आजींचा हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीवर तो आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर कळे. मापाच्या मागे माणूस असतो, हे आम्हांस अशा रीतीने समजले. कोणी व्याख्यानाने समजाविले असते तर ते कदाचित वाऱ्यावर गेले असते.

एकदा ते आम्हांस सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने गावास आनंद झाला. परंतु त्या गल्लीची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. तेथे एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी काढीत बसला होता. घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासावयाचा, तार छेडावयाची, ऐकावयाचे, पुन्हा किंचित घासावयाचे. तास गेला तरी तो मनुष्य उठला नाही. बाहेर आल्यावर काका एवढेच म्हणाले, ''पाहिलेस? भोपळा मोठा दिसतो, पण आवाज या घासण्यात आहे.''

त्यांच्या टेबलावरील घासणे याच जातीचे असे. नवशिक्याचा नकाशा आला की प्रथम ते पावसाचे पाणी कोठून कोठे जाते, हे पेन्सिलीच्या टोकाने गिरवून पाहत. गच्चीचा उतार, कोब्याची जाडी, पन्हळीचे तोंड यांवर त्यांची नजर ठरे. खिडकीवरील छज्जाच्या खालच्या अंगास, कडेपासून थोडी आत, एक बारीक खाच दाखविलेली नसली तर नकाशा परत येई. ही खाच असली म्हणजे पाणी तेथेच तुटून खाली पडते. नसली तर ते छज्जाच्या पोटास चिकटून भिंतीपर्यंत पोहोचते आणि दोन पावसाळ्यांत आतला गिलावा फुगतो. बोटभर रुंदीची ती रेघ; घरमालकास ती आयुष्यात कधी दिसावयाची नाही. पण काका म्हणत, ''न दिसणाऱ्या रेघेचेच पैसे आपण घेतो.''

दुसरा त्यांचा प्रश्न घरातील माणसांचा असे. ''या घरात सर्वांत वृद्ध कोण? सर्वांत लहान कोण?'' हे ठाऊक नसताना जिना काढणाऱ्यास ते उठवून लावीत. सात इंचांची पायरी तरुणास चालते, पण गुडघे धरलेल्या माणसास सहा इंचांचीच हवी. मग जिना लांबला आणि खोली आखूड झाली तरी चालेल. बाळंतिणीची खोली वाऱ्याच्या झोतात नसावी आणि तरीही अंधारी नसावी. स्वयंपाकघरात उभी राहणारी बाई भिंतीकडे तोंड करून आयुष्य काढते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एखादी खिडकी असावी. एकत्र कुटुंबात ज्यास स्वतःची खोली नाही अशा माणसासाठी माजघराच्या कडेस निदान एक कपाट आणि एक दिवा असावा. या गोष्टी कोणत्याही नियमावलीत नव्हत्या. आत्या आणि आजी यांच्यासह ज्या घरात काका वाढले, त्या घराने त्यांस त्या शिकविल्या होत्या.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या दिवसापासून महिनाभर काका सुटीच्या वेळी सायकलीने हिंडून तडे गेलेल्या भिंती पाहत होते, असे जुने सहकारी सांगत. भिंतीचे कोपरे प्रथम सुटतात, आणि दगडमातीच्या जाड भिंतीचे दोन पदर आरपार दगडांनी एकमेकांस बांधलेले नसतील तर ते फाकून पडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून दारेखिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घरास कमरपट्ट्यासारखा वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा त्यांनी कोणत्याही नकाशातून वगळू दिला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जड दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर तो पट्टा आणि ते आरपार दगड यांचे महत्त्व गावोगाव सांगण्यात येऊ लागले. आमच्या कचेरीत मात्र तो पट्टा दाखविण्याची सवय तोपर्यंत पंचवीस वर्षांची झाली होती.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. एवढे ज्ञान असलेल्या या मनुष्यास स्वतःच्या नकाशावर सही करण्याचा अधिकार नव्हता. १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला आणि ज्याची नोंदणी झाली आहे त्यासच ते बिरुद लावता येऊ लागले. पदवी नसली तरी वास्तुविशारद म्हणून पाच वर्षे व्यवसाय केलेल्यांस त्या वेळी नोंदणीची वाट मोकळी होती. परंतु काका पगारी नकाशानवीस, ते त्या व्याख्येत बसत नव्हते. कायद्यास आम्ही दोष देत नाही. ज्याच्या चुकीने छप्पर कोसळते त्याची पात्रता कोणीतरी पारखलीच पाहिजे. तथापि ज्यांस त्यांनी पेन्सिल कशी धरावी येथपासून शिकविले, ते आम्ही सह्या करीत होतो आणि ते आमच्या सहीखालील नकाशा तपासीत होते, ही स्थिती आम्हांस वर्षानुवर्षे खटकत असे. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन लहान चौकोन असतात : रेखाटन, तपासणी आणि मंजुरी. त्यांतील मधल्या चौकोनात काकांची दोन आद्याक्षरे पडत. पालिकेत, बँकेत किंवा घरमालकाच्या दप्तरात त्यांची एवढीच नोंद आहे.

एकदा आम्ही धीर करून त्यांस विचारले की, आपणांस याचे वाईट वाटत नाही काय? ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''वाटते तर. भाऊ लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे काय लिहावे म्हणून अडला होता, तेव्हा वाटले होते. पण सही करणारा मनुष्य सही करताना घाबरत नाही, कारण खाली माझी अक्षरे असतात. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आणखी किती जणांस ठाऊक असावयास हवे?'' वाईट वाटत नाही असे त्यांनी म्हटले असते, तर आम्ही त्यांस साधू समजून मोकळे झालो असतो. वाटते असे ते म्हणाले, म्हणूनच त्यांचा मोठेपणा आम्हांस अधिक जाणवला.

त्या दोन अक्षरांची कसोटी कृष्णेने पाहिली. सांगलीस नदीकडील भागात १९८७ साली दोन घरांची कामे आमच्याकडे आली होती. काकांचा एक छंद असा की, त्या भागातील वृद्धांस विचारून जुन्या पुराच्या खुणा ते वहीत टिपून ठेवीत : अमक्या देवळाची तिसरी पायरी, तमक्या वाड्याच्या दाराची खालची कडी. त्या खुणांच्या आधाराने त्यांनी दोन्ही घरांचे जोते रस्त्यापासून बरेच वर घेतले, विजेचे मीटर जिन्याच्या वरच्या वळणावर नेले, आणि धान्याची व कागदपत्रांची खोली माडीवर दाखविली. एका घरमालकास हे पसंत पडले नाही. एवढ्या पायऱ्या कशासाठी, एवढा भराव कशासाठी, पूर काय रोज येतो? असे त्याचे म्हणणे. आणि पैशाची ओढ असलेल्या मनुष्याचे ते म्हणणे अगदी गैरही नव्हते. जोते दोन फूट उतरवा, नाहीतर काम दुसरीकडे नेतो, असा निरोप आला. पेढीचे ते साल ओढग्रस्तीचे होते. पेढीच्या चालकांनी काकांस बोलावून घेतले. काका म्हणाले, ''सही आपली आहे. आपण खुशाल उतरवावे. तपासणीच्या चौकोनात माझी अक्षरे मात्र पडणार नाहीत.'' चालकांनी नकाशा उतरविला नाही. काम गेले. दुसऱ्या घरची मालकीण एक विधवा बाई होती. तिने दागिना मोडून भराव केला.

२००५ साली कृष्णेस महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले. त्या बाईच्या घरी ते उंबऱ्याखालच्या एका पायरीवर थांबले. दुसऱ्या घरात ते छातीपर्यंत चढले होते. पाणी ओसरल्यावर, सत्तर वर्षांचे निवृत्त काका दोन गडी, फावडी, चुन्याची पोती आणि ब्लीचिंग पावडर घेऊन सांगलीस गेले, ते थेट या दुसऱ्या घरी. तीन दिवस ते तेथे चिखल काढवीत होते. फुगलेली दारे उतरवून सावलीत वाळत कशी ठेवावी, भिंती पूर्ण सुकण्यापूर्वी रंग का लावू नये, हे त्या कुटुंबास समजावीत होते. १९८७ सालाचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि घरमालकास तो करण्याची वेळही आणली नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या वृद्ध आईने त्यांस चहा दिला, तेव्हा त्यांनी तिला विचारले, ''आजी, जिन्याच्या पायऱ्या गुडघ्यांस जड जातात का हो?'' आणि परत आल्यावर त्या जिन्याची दुरुस्ती कशी करावी याचे चित्र काढून पाठविले.

आम्ही त्या वेळी त्यांस म्हटले की, तुमची खूण अगदी बरोबर ठरली. यावर ते रागावले. ''बरोबर काय ठरली? एका पायरीने वाचलो. नदीने आपली शेवटची खूण अजून दाखविलेली नाही असे समजून घर बांधावे.'' २०१२ साली काका वारले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्या बाईच्या घरातही या वेळी कमरेइतके पाणी शिरले. जोत्याने हात टेकले. परंतु वरच्या वळणावरील मीटर कोरडे होते, माडीवर धान्य होते, कागद होते आणि घरातील माणसे होती. स्वतःचे माप चुकले तर काय, याचाही विचार ज्याने करून ठेवला, तो खरा जाणता. २०२१ साली कृष्णा पुन्हा चढली, तेव्हा त्या बाईच्या सुनेने सामान वर नेण्यास अर्धा दिवसही लावला नाही, असे आम्हांस समजले.

आता आमच्या कचेरीत टी-स्क्वेअर नाहीत, शाई नाही, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडण्याचा तो आवाजही नाही. तरुण मुले-मुली संगणकावर नकाशे काढतात. आमच्या पिढीस महिना लागे ते काम त्यांस दोन दिवसांत होते, आणि त्यांच्या हुशारीविषयी आम्हांस आदरच वाटतो. यंत्रास दोष देणे आम्हांस मान्य नाही. परंतु जे लवकर होते ते लवकर पुढे जाते, आणि मधल्या चौकोनापाशी थांबण्यास कोणास वेळ नसतो. कित्येक ठिकाणी रेखाटन व तपासणी या दोन्ही चौकोनांत एकाच मनुष्याची अक्षरे दिसतात. स्वतःचे काम स्वतःच तपासणे म्हणजे न तपासणेच होय. नदीकाठी आजही नवी घरे रस्त्याच्या बरोबरीने जोते धरून उठत आहेत. त्यांच्या नकाशांवर सह्या आहेत, शिक्के आहेत. प्रश्न विचारणारा काका आहे काय, एवढीच आमची शंका आहे.

म्हणून गेली काही वर्षे आमच्या कचेरीत एक रीत आम्ही पाळीत आहो. नवा उमेदवार आला की पहिले दोन महिने त्याच्या हाती मोजपट्टी देतो. आणि कोणताही नकाशा बाहेर जाण्यापूर्वी, तो ज्याने काढला नाही अशा मनुष्याने काकांचे चार प्रश्न मोठ्याने विचारावयाचे : पाणी कोठून जाते, घरात वृद्ध कोण, भिंतीस पट्टा आहे काय, आणि नदी याहून वर आली तर माणसे कोठे जातील? उत्तरे मिळाली तरच मधल्या चौकोनात अक्षरे पडतात. मुले प्रथम हसतात. मग एखाद्या दिवशी चौथ्या प्रश्नास उत्तर सापडत नाही, आणि तेव्हापासून ती हसत नाहीत.

काकांच्या धाकट्या सुनेने त्यांच्या पश्चात त्यांची पुराच्या खुणांची वही आमच्या स्वाधीन केली. पिवळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, बारीक पण स्वच्छ अक्षरांची ती वही आहे. शेवटच्या नोंदी २००५ सालच्या आहेत. त्यांखाली २०१९ आणि २०२१ च्या खुणा आम्ही लिहून ठेवल्या आहेत. सांगली-मिरजेकडे नदीच्या अंगास जे कोणी घर बांधू इच्छीत असतील, त्यांचे नकाशे कोणाकडेही असोत, त्यांनी ती वही अवश्य येऊन पाहावी. त्यासाठी काही द्यावे लागत नाही. ज्यांच्या वाड्यावर जुन्या पुराची एखादी खूण वडिलधाऱ्यांनी दाखवून ठेवली असेल, त्यांनी ती आम्हांस कळवावी. वहीत अद्याप बरीच पाने कोरी आहेत.